अँजिओप्लास्टीनंतर पंपिंग ३२ टक्के. हे परत वाढतं का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, समजून घ्या.

आमचे अण्णा, वय ६१. सांगलीत मार्केट यार्डात हळद आणि भुसाराचं दुकान. साखर नाही, तंबाखू पंधरा वर्षांपूर्वी सोडली. गेल्या आठवड्यात एका लग्नात जेवून आले आणि रात्री अडीचला छातीत जळजळ सुरू झाली. पित्त म्हणून थंड दूध घेतलं, मग आलं-लिंबू, मग आईने पाठ चोळून दिली. पहाटे घाम फुटला तरी "सकाळी बघू". सकाळी भाऊ आला तेव्हा त्यांचा रंग बघून त्याने सरळ गाडीत घातलं. मिरजेला पोचेपर्यंत नऊ वाजले. हृदयाला रक्त पुरवणारी एलएडी नावाची नळी शंभर टक्के बंद होती, ती उघडून आत एक स्टेंट (बारीक जाळीची नळी) टाकली. पाचव्या दिवशी घरी सोडलं.

सोडताना टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. डॉक्टर म्हणाले, "पंपिंग ३२ टक्के आहे, गोळ्या नीट घ्या, तीन महिन्यांनी परत इको करू." आईने शंभरातून ३२ वजा केले आणि ६८ टक्के हृदय मेलं असं धरून रडायला बसली. आता येणारा प्रत्येक पाहुणा भर घालतोय. एक काका म्हणतात, "ब्लॉकेज काढलं ना, आता नवीन हार्ट झालं." मामा म्हणतात, "३५च्या खाली म्हणजे बॅटरी बसवायला लागणार." आणि अण्णा कॉटवर बसून असतात, बाथरूमला जाऊ का हेसुद्धा आईला विचारून.

हा आकडा वाढतो का? किती दिवसांत? आपल्या हातात काय असतं? ज्यांच्या घरी झालंय त्यांनी लिहा.

जुना_पेशंट
ताई, आधी आईंचं गणित सुधारा. शंभर टक्के पंपिंग कुणाचंच नसतं, पैलवानाचंही नाही.

मी साताऱ्याचा, आता ६७. २०१६ साली माझंही असंच झालं, नळीही हीच. तेव्हा ३०, तीन महिन्यांनी ४४, वर्षाने ५०. आज रोज सकाळी टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चढून जातो. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण पाचव्या दिवशीच्या आकड्यावर रडू नका. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

अवांतरवाला
३२ टक्के पंपिंगवर आमच्या महापालिकेची पाणीपुरवठा योजना कैक वर्षं चालू आहे, तुम्ही कशाला घाबरता.

(ताई, गंमत होती. काळजी घ्या अण्णांची.)

हृदयस्थ
मी हृदयरोगातच काम करतो. इथे कुणाला गोळ्या लिहून देत नाही, पण आकडा समजावून सांगतो.

डावा कप्पा पूर्ण भरतो तेव्हा त्यात समजा १२० मिली रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं ७० मिली बाहेर पडतं, ५० आतच राहतं. ७० भागिले १२० म्हणजे ५८ टक्के, यालाच पंपिंग म्हणतात, आणि हे ठणठणीत माणसाचं. साधारण ५५ ते ७० नॉर्मल धरतात. म्हणजे ३२ ची तुलना १०० शी नाही, ६० शी करायची. कमी आहेच, बरंच कमी आहे, पण "६८ टक्के मेलं" हे साफ चूक.

दुसरं. नळी बंद पडल्यावर साधारण वीस मिनिटांनी स्नायू मरायला लागतो आणि मरण आतल्या थराकडून बाहेर सरकत जातं, कित्येक तास. म्हणून वेळेला एवढी किंमत. अण्णांचे साडेसहा तास गेले, तेव्हा काही भाग कायमचा गेला असणार. पण नळी उघडल्यावर जो भाग जिवंत राहतो तोही लगेच कामाला लागत नाही. तो सुन्न पडलेला असतो. १९८२ मध्ये ब्राऊनवाल्ड आणि क्लोनर यांनी या अवस्थेवर लिहिलं, तेव्हापासून तिला वेगळं नाव आहे. हा सुन्नपणा उतरायला दिवस नाही, आठवडे लागतात. पाचव्या दिवशीच्या इकोत मेलेला आणि सुन्न, दोन्ही भाग सारखेच निपचित दिसतात. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितले ते म्हणून.

मामांच्या बॅटरीबद्दल: ती म्हणजे आयसीडी, जीवघेणी लय सुरू झाली तर आतून झटका देणारं यंत्र. त्याने पंपिंग वाढत नाही. आणि ते बसवायचं का, हा निर्णय अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंटनंतर तीन महिने गोळ्या देऊन मग घेतात. कारण तेवढ्यात बरेच जण ३५ च्या वर निघून जातात.

बागायतदार_तासगाव
ताई, मी काय डॉक्टर न्हाई, द्राक्षाचा माणूस. पण डाक्टरसायब बोलले ते आमच्या बागंत रोज दिसतंय. ड्रीपची लाईन क्षारानं चोंदली की त्या ओळीतल्या वेलांची पानं माना टाकत्यात. आपण ॲसिड सोडून लाईन मोकळी करतो, पाणी येतं. पण पानं काय त्याच मिनिटाला ताठ होत न्हाईत. दोन-चार दिवस जात्यात. ज्या वेलाला एक दिवस पाणी न्हवतं तो उठतो. ज्याला आठ दिवस न्हवतं त्याची काडी वाळल्याली असती, तिला कितीबी पाणी घाला.

लाईन मोकळी झाली म्हंजे बाग नवी झाली असं न्हाई, आणि पानं सुकली म्हंजे बाग गेली असंबी न्हाई. काकांना आणि मामांना दोघास्नी सांगा.

जुना_पेशंट
वा बागायतदार! दंडवत घ्या.

हृदयस्थ
बागायतदारांचा दाखला मी ओपीडीत वापरणार, परवानगी गृहीत धरतो. त्यात एक भर. कधी कधी मेन लाईन मोकळी होते पण पुढचे ड्रीपर गाळाने बसलेले असतात. हृदयातही मोठी नळी स्टेंटने उघडते पण केसाएवढ्या बारीक वाहिन्यांत गुठळीचे कण आणि सूज अडकून राहते. अशांचं पंपिंग कमी सुधारतं. उशीर जितका जास्त, तितका हा प्रकार जास्त.

आणि वेलीची एक तिसरी अवस्था असते ना, छाटणीनंतरची सुप्त? हृदयातही आहे. नळी हळूहळू, वर्षानुवर्षं अरुंद होत गेली की स्नायू मरत नाही, खर्च कमी करून पडून राहतो. पण ते अण्णांचं नाही, त्यांचा अचानक झालेला प्रकार आहे.

शंकेखोर
सगळे स्टेंटचं कौतुक करताहेत म्हणून लिहितो. २०२२ मध्ये ब्रिटनमधला रिव्हाइव्ह्ड नावाचा अभ्यास आला. ७०० पेशंट, पंपिंग ३५ किंवा खाली. निम्म्यांना स्टेंट अधिक गोळ्या, निम्म्यांना नुसत्या गोळ्या. मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं, यात फरक नाही. पंपिंगसुद्धा दोन्हीकडे सारखंच वाढलं. मग पंपिंग वाढवायला स्टेंट टाकतात म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे तर हा धंदाच झालाय.

हृदयस्थ
शंकेखोर, अभ्यास बरोबर सांगितलात, जागा चुकली. त्यात ताज्या अटॅकचे पेशंट घेतलेच नव्हते, गेल्या चार आठवड्यांत अटॅक आलेले वगळले होते. ते सगळे जुनाट अरुंद नळ्यांचे, मी वर म्हटलं त्या सुप्त प्रकारातले. त्यांच्यात स्टेंटने पंपिंग वाढेल ही आमची जुनी समजूत होती, ती त्या अभ्यासाने पाडली, आणि बरं झालं. पण नळी आत्ता बंद पडलीय आणि स्नायू आत्ता मरतोय, तिथे ती उघडण्याला पर्याय नाही. आग लागलेल्या घरावर पाणी मारणं आणि जुन्या घराची डागडुजी, दोन वेगळी कामं.

त्या अभ्यासातली दुसरी बाजू मात्र सगळ्यांनी बघावी. नुसत्या गोळ्यांनीही पंपिंग वाढलं होतं.

शंकेखोर
मान्य. पण दराचं काय?

हृदयस्थ
स्टेंटच्या दरावर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. तेव्हा औषधी लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये. त्याआधी लेपाची स्टेंट लाखाच्या पुढे विकली जायची. नंतर आकडे थोडे बदलत गेले. बिलात बाकी काय काय चढतं त्यावर वेगळा धागा काढा, मीही दोन शब्द लिहीन.

अवांतरवाला
शंकेखोरांना "मान्य" लिहिताना पाहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मिरजेची_मीरा
सगळ्या गोड गोष्टींत माझी थोडी कडू. ताई, घाबरवायला नाही, तयारी असावी म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आम्ही सांगलीत गावभागात राहायचो. खालचा मजला पाण्यात, आम्ही वर. आईला छातीत दुखायला लागलं तेव्हा बाहेर पडायला रस्ताच नव्हता. बोटीतून काढलं दुसऱ्या दिवशी, स्टेंट पडली तिसऱ्या दिवशी. पंपिंग २८. आम्हीही तीन महिने देव पाण्यात घालून बसलो (देवघर आधीच पाण्यात होतं म्हणा). तीन महिन्यांनी इको: ३०. दोन टक्के. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

पण खरी चूक मधल्या काळात झाली होती आणि ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आईचं बीपी शंभरच्या आसपास असायचं. जवळच्या एका डॉक्टरांनी "बीपी कमी आहे, कशाला एवढ्या गोळ्या" म्हणून त्यातल्या दोन बंद केल्या, तिसरी अर्धी केली. आम्ही त्यांचे आभार मानले, म्हातारीच्या गोळ्या कमी केल्या म्हणून. आईला चक्कर नव्हती, काही नव्हतं, नुसता आकडा कमी होता. पुढे पाय सुजले, चार दिवसांत वजन तीन किलो वाढलं, रात्री उशा रचून बसून झोपायची. ॲडमिट केलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी उलटी केली आणि कपाळाला हात लावला. त्या गोळ्या बीपीसाठी नव्हत्याच, हृदयासाठी होत्या.

मग एकेक परत सुरू झाली, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी वाढवत. आयसीडी बसवलं, आजवर त्याने एकदाही झटका दिलेला नाही. पंपिंग आता ३६. तिथेच थांबलंय, पुढे जाईल असं वाटत नाही. पण घरातल्या पोळ्या अजून तीच करते आणि संकष्टीला गणपतीला जाऊन येते, रिक्षाने. टक्के आणि माणूस दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तीन वर्षांनी कळलं.

कृष्णाकाठची
मीरा, खूप आभार. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती पहिल्यांदा रडायची थांबली. वाईट काहीतरी झालेल्या बाईच्या घरीसुद्धा पोळ्या चालू आहेत म्हटल्यावर तिला धीर आला असावा.

अण्णांच्या गोळ्या नऊ आहेत. त्यातलं काय कशासाठी?

हृदयस्थ
मीराताईंनी लिहिलं ते मी रोज बघतो. कमी बीपी आणि त्याबरोबर चक्कर, अंधारी, लघवी कमी होणं असं असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. नुसता आकडा कमी आणि माणूस बरा, तर गोळी कापायची घाई नको.

नऊमधल्या दोन रक्त गोठू न देणाऱ्या असतील, ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. त्या स्टेंट उघडी राहावी म्हणून. एक स्टॅटिन, कोलेस्टेरॉलसाठी. ॲसिडिटीची एक. आणि पंपिंगसाठीचा खरा संच चौघांचा असतो: बीटा ब्लॉकर, प्रिल किंवा सार्टन गटातली गोळी (किंवा सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन), स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटचीला दुकानदार "शुगरची गोळी" म्हणेल आणि तुम्ही म्हणाल अण्णांना शुगर नाही. बंद करू नका. शुगर नसलेल्यांनाही कमी पंपिंगमध्ये तिचा फायदा होतो, हे २०१९ पासून सिद्ध आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० च्या ऑक्टोबरात संपलं, तेव्हापासून किमतीही आवाक्यात आल्या.

या चार मिळून काय करतात? दुखावलेलं हृदय भरपाई म्हणून फुगायला लागतं. फुगलं की भिंती पातळ होतात, पंपिंग आणखी उतरतं. गोळ्या हे फुगणं रोखतात, जमलं तर उलटवतात. नळी उघडणं तासाभराचं काम होतं. हे महिन्यांचं.

निसर्गमित्र
लसूण, आलं, लिंबू, ॲपल सायडर व्हिनेगर आणि मध यांचा काढा रोज सकाळी. माझ्या साडूंचे ब्लॉकेज विरघळले. अर्जुनसालही सुरू करा. केमिकलच्या नऊ गोळ्या किती दिवस खाणार?

अवांतरवाला
साडूंचा आधीचा आणि नंतरचा अँजिओ टाका, आम्हीही विरघळतो.

हृदयस्थ
काढ्याने ब्लॉकेज विरघळत नाहीत. चटणी म्हणून खा. अर्जुनाबद्दल भांडत नाही, पण गोळ्यांच्या जागी नको आणि आपल्या डॉक्टरांना न सांगता नको. पहिल्या वर्षात रक्त पातळ करणारी गोळी मनाने सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होते, आणि मग जो प्रसंग येतो तो पहिल्यापेक्षा वाईट.

दंतकथा
मी दाताची डॉक्टर. त्याला जोडूनच: आमच्याकडे लोक दाढ काढायला येतात आणि अभिमानाने सांगतात, "पाच दिवसांपासून पातळ करायची गोळी बंद करून आलोय." कुणी सांगितलं? शेजाऱ्याने. कृपा करून असं करू नका. साध्या दाढेचं रक्त आम्ही दाबून, टाके घालून थांबवतो. स्टेंट बंद पडली तर आमच्याकडे त्यावर काही नाही.

सातारची_मावशी
जेवणाचं कुणी बोललंच नाही. मिठाचं बघा गं बाई. वरून मीठ नको, पापड-लोणचं बंद. आणि सांगलीचं भडंग! त्यात मीठ केवढं असतं ते डब्याच्या तळाला बघ.

अवांतरवाला
मावशी, भडंगाला बोलायचं काम नाही. सातारकरांनी आधी कंदी पेढ्यातली साखर मोजावी.

सातारची_मावशी
पेढा एक खाऊन माणूस थांबतो. भडंगाला थांबणारा अजून जन्माला यायचाय.

कृष्णाकाठची
भडंगाचा डबा कपाटाच्या वर ठेवलाय. अण्णांना सगळ्यात जास्त दुःख स्टेंटचं नाही, त्याचं आहे. आईने मात्र त्या जाहिरातीतलं "हृदयासाठी चांगलं" कमी सोडियमवालं मीठ आणलंय. चालेल ना?

हृदयस्थ
थांबा, थांबा. ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सोडियम कमी करायला त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. अण्णांच्या संचातल्या दोन गोळ्या आधीच शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. दोन्ही मिळून ते वाढलं तर ठोकेच बिघडतात. साधंच मीठ, पण कमी. रोज शहाळंही नको. एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) तपासायला सांगितलं असेल, ते चुकवू नका. गुडघेदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून घ्यायची सवय असेल तर तीही बंद, त्याने पाणी साठतं आणि किडनीला त्रास होतो. आणि रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, सूज यायची वाट बघू नका.

जुना_पेशंट
रात्री लिहितो म्हटलं होतं, चार दिवस गेले. गोळ्या, मीठ सगळं झालं. मला अण्णांच्या कॉटबद्दल लिहायचंय.

मी पहिला महिना असाच बसून काढला. अटॅक छातीत आला पण बसला डोक्यात. कूस बदलली की वाटायचं, आता. जिना दिसला की घाम. बायको रात्री दोनदा उठून माझ्या नाकाशी बोट धरायची, श्वास चालू आहे का बघायला. मी जागाच असायचो, पण डोळे मिटून पडायचो, तिला कळू नये म्हणून. असे दोघं एकमेकांना फसवत होतो. भेटायला येणारे आवाज बारीक करून बोलायचे, जणू मी आधीच गेलोय. दुकानाच्या किल्ल्या मुलाने काळजीपोटीच काढून घेतल्या, पण मला वाटलं, झालं, आपला हिशेब मिटला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता? म्हटलं, आराम. ते वैतागले. म्हणाले, आराम कुणी सांगितला होता? मग अंगणात पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवायचं. मोजमाप एकच: चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये. गाता आलं तर वेग कमी आहे, बोलता येईना तर जास्त. छातीत दाब, चक्कर, धाप वाटली तर थांबायचं आणि कळवायचं. राजवाड्यापर्यंत सपाटीवर जायला मला दीड महिना लागला, चार भिंतीचा चढ चढायला चार महिने. पहिल्यांदा वर पोचलो तेव्हा खाली सगळा सातारा दिसत होता आणि मी कठड्यावर बसून मुलाला फोन केला की किल्ल्या परत दे.

तेव्हा ताई, अण्णांच्या हातात काहीतरी द्या. पोतं नको. वही द्या.

बागायतदार_तासगाव
डोळ्यात पाणी आलं ओ काका.

कृष्णाकाठची
जुना_पेशंट काका, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचला. मधेच बघते तर आई स्वयंपाकघरात निघून गेलेली. नाकाशी बोट धरायचं तीही करते, आम्हाला माहीत नव्हतं.

उद्यापासून दिवाणजी संध्याकाळी सौद्यांची वही घरी आणतील. अजून एक: अण्णांना बसल्या बसल्या मधेच श्वास पुरत नाही असं वाटतं. चालताना नाही, बसल्यावरच. एक-दोन मिनिटं, मग जातं.

हृदयस्थ
उद्याच फोन करून सांगा. पंपिंगमुळे आहे का, पाणी साठतंय का, हे त्यांनी बघायला हवं. टिकाग्रेलॉर चालू असेल तर तेही सांगा, काहींना त्या गोळीनेच अशी धाप लागल्यासारखी होते आणि ती बदलता येते. पण तो बदल तेच करतील, तुम्ही नाही.

कृष्णाकाठची
सांगितलं. तपासून बघितलं, फुप्फुसं स्वच्छ. टिकाग्रेलॉरच होती, बदलून क्लोपिडोग्रेल दिली. चार दिवसांत तो त्रास गेला. अण्णांना पंधरा दिवस वाटत होतं की हेच शेवटचे श्वास, म्हणून ते बोलतच नव्हते.

अवांतरवाला
धागा शंभरी गाठणार असं दिसतंय. भडंगावर वेगळी शाखा काढा.

कृष्णाकाठची
मंडळी, तीन महिने झाले. धागा वर काढतेय.

काल इको झाला: ४१. तेच डॉक्टर, तेच मशीन. समोरच्या भिंतीचा टोकाकडचा भाग अजून हलत नाही, तो व्रण राहणार म्हणाले. बाकीचा भाग चांगला हलतोय. बॅटरीची गरज नाही. गोळ्या वाढवत वाढवत तीन पूर्ण मात्रेला आल्यात, एक अजून निम्मी आहे कारण बीपी १०४. या वेळी कुणालाही कापू दिली नाही, मीराताईंचं नाव घेऊन भांडले.

वही घरी यायला लागल्यावर आठ दिवसांत अण्णांनी दिवाणजीची दोन पोत्यांची चूक काढली आणि आवाज चढवला. आई घाबरली, भाऊ म्हणाला चढवू दे. आता रोज दुपारी दोन तास यार्डात जातात, राजापुरी हळदीचे सौदे बघतात, उठून पोत्याला हात लावत नाहीत. संध्याकाळी आमराईत तीस मिनिटं चालतात.

हृदयस्थ
फार छान. एक सावधगिरी: इकोचा आकडा मशीन आणि बघणाऱ्यानुसार पाच-सात टक्के इकडेतिकडे होतो. पुढच्या वेळी कुठेतरी ३८ आला तर घरात परत रडारड नको. आणि उलट, ४१ झाला म्हणून गोळ्या बंद नकोत. बरं वाटलं म्हणून संच सोडलेल्यांचं पंपिंग परत उतरलेलं मी पाहिलंय. पोटॅशियम बघितलं का?

कृष्णाकाठची
४.८. ठीक म्हणाले, महिन्याने परत.

मिरजेची_मीरा
माझ्या नावाने भांडलात हे वाचून बरं वाटलं. आई काय म्हणतात?

कृष्णाकाठची
इको झाल्यावर डॉक्टरांनी तिला बोलावून, कागदावर आकृती काढून, १२० आणि ७० सगळं समजावलं. ती मान डोलावत होती. रिक्षात बसल्यावर मला हळूच विचारते, "मग आता ५९ टक्केच मेलेलं राहिलंय का गं?"

बागायतदार_तासगाव
आईस्नी तासगावला घेऊन या. बागंत उभं करून सांगतो.

अवांतरवाला
येताना तो कपाटावरचा डबा घेऊन या. इथे कुणाचं पंपिंग ४१ नाही.